सत्तर टक्के उजेड

निकमकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ते सरळ माझ्या गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरशेजारच्या काचेवर मी हौसेनं लावलेली काळी जाळी त्यांनी दोन बोटांनी उचकटून काढली. जपानमधल्या उरायासुतल्या एका सार्वजनिक हॉलच्या पार्किंगमधली ही गोष्ट. आत आमच्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा तिळगूळ चालला होता आणि बाहेर हा किडकिडीत, निळ्या कामाच्या कपड्यांतला अनोळखी माणूस माझी वस्तू हातात घेऊन उभा होता.

"ही कुठनं आणलीस?"

"पुण्याहून."

"मग परत पुण्याला ने."

गाडी घेऊन मला चारच दिवस झाले होते. सेकंडहँड, इथं छोट्या गाड्यांना असते तसल्या पिवळ्या पाटीची, डब्याएवढी गाडी, पण माझ्या आयुष्यातली पहिली. प्रयोगशाळेत दिवसभर जपानी लोकांसमोर माना हलवून रविवारी जरा आपल्या माणसांत यावं, तर इथं हे. मी म्हणाले, "काका, ऊन लागतं. पुण्यात सगळ्यांच्या गाड्यांना असते."

"इथं तीन काचांना हात लावायचा नाही. पुढची मोठी, आणि पुढच्या दोन दारांच्या. शंभरातला सत्तर भाग उजेड आत आलाच पाहिजे, असा कायदा आहे. मागं काय वाट्टेल ते कर. अंधारकोठडी केलीस तरी सरकार विचारणार नाही."

"आणि या जाळीतून किती येतो?"

"जाळीला टक्के नसतात. चालत्या गाडीत तिथं लटकवायचीच नाही." असं म्हणून त्यांनी ती घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकली. पुढे कळलं की घरी त्यांच्याकडे अशा जप्त केलेल्या जाळ्यांचं अख्खं खोकं आहे. भारतातून येणारा प्रत्येक जण एक तरी घेऊन येतो आणि निकमकाका ती काढून घेतात, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण नव्या माणसाची फजिती बघायला सगळ्यांनाच आवडतं.

मुलं त्यांना 'नानाजू काका' म्हणायची. नानाजू म्हणजे जपानीत सत्तर. त्यांच्या वरच्या खिशात एक छोटं यंत्र असे, त्याचे दोन तुकडे. एक काचेच्या आत धरायचा, दुसरा बाहेर. मग आकडा उमटायचा. ते यंत्र वर्कशॉपचं नव्हतं, त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं. गणपतीला लोक आरतीला उभे असत तेव्हा हे पार्किंगमध्ये एकेका गाडीच्या काचा मोजत फिरायचे. कंबरेला पांढरं सुती फडकं, मोजायच्या आधी काच पुसायची, मोजून झाल्यावर पुन्हा पुसायची. गाडीचा मालक समोर आला तर "एकाहत्तर" किंवा "चौऱ्याहत्तर" एवढंच सांगायचं आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

त्यांचा एक ठरलेला पाठ होता. कुणी उन्हापासून बचावाची पारदर्शक फिल्म लावायची म्हणाला, की काका कागदी रुमालावर गणित मांडायचे. फिल्मच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, अठ्ठ्याऐंशी टक्के उजेड आत येतो. माणूस खूश होतो, सत्तरच्या कितीतरी वर आहे म्हणतो. "पण काच स्वतः शंभर नसते रे बाबा," काका सांगत. "कारखान्यातनं येते तेव्हाच ती अठ्ठ्याहत्तर-ऐंशी असते. आता अठ्ठ्याहत्तरचे अठ्ठ्याऐंशी टक्के कर." समोरचा मोबाइल काढायचा, त्याच्या आत यांनी रुमालावर ६८.६ लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या असायच्या. इंजिनिअर लोकसुद्धा या गणितात फसायचे. फिल्म मोजायची आणि काच विसरायची, ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

काका मूळचे कराडचे. तीस वर्षांपूर्वी काचेवरच्या पातळ थरांवर पीएच.डी. करायला आले. मधेच मार्गदर्शक निवृत्त झाले, पैसे थांबले, प्रबंध राहिला. "काचेचा डॉक्टर व्हायला आलो न् काचेचा हमाल झालो," असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांना वाईट वाटत असेल असं दिसायचं नाही. कावासाकीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. दर दोन वर्षांनी गाडीची जी सक्तीची तपासणी होते, तिला शाकेन म्हणतात. तिथं काका शाकेनला आलेल्या गाड्यांच्या काचा आणि दिवे बघायचे. त्यांची बायको साचिको-सान. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती त्यांना 'निकामु-सान', म्हणजे 'निकमसाहेब', असंच म्हणायची आणि ते फोनवर वर्कशॉपच्या मालकाशी बोलतानाही कमरेत वाकायचे. या दोन्ही गोष्टींवरून त्यांना चिडवणं हा मंडळाचा हक्कच होता.

जुनी मंडळी मात्र एक गोष्ट सांगायची. निकम पूर्वी असा नव्हता म्हणे. पूर्वी शाकेनला गाडी न्यायची तर निकमकडेच न्यायची, आपला माणूस आहे, सांभाळून घेतो, अशी त्याची ख्याती होती. मग तीनेक वर्षांपूर्वी एकाएकी बदलला. तपासणीचं काम सोडून वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायचं काम मागून घेतलं. गाडी चालवणंही सोडलं. "वय झालं की माणूस असा होतो," असं लोक म्हणायचे आणि विषय संपायचा.

एकदा काकांनी मला विचारलं, "महिन्यातल्या पहिल्या रविवारी मला कावासाकीला सोडशील? शिडी ट्रेनमधनं नेता येत नाही."

मी निशी-कसाईला राहायचे, काकांचं उरायासु शेजारीच. रविवारी मला प्रयोगशाळेशिवाय दुसरं घर नव्हतं, म्हणून हो म्हणाले. शिडी, बादली, रबराची पट्टी आणि ते पांढरं फडकं असा लवाजमा मागच्या सीटवर चढला आणि काकाही मागेच बसले. पुढं बसा म्हटलं तर "इथंच बरंय" म्हणाले. पुढे वर्षभर मी त्यांना नेलं. या माणसाशी माझ्या झालेल्या बहुतेक सगळ्या गप्पा मी आरशात बघून मारल्या आहेत.

ते घर इशिदा-सान नावाच्या एका वृद्ध गृहस्थांचं होतं. दुमजली, लाकडी, रस्त्याला अगदी लागून. काका त्या घराच्या खिडक्या पुसायचे. वरच्या चार, खालच्या पाच. पैसे घेत नसत. मी समजले की हा कुठल्यातरी सेवाभावी संस्थेचा उपक्रम असणार, कारण जपानमध्ये तसले उपक्रम फार. इशिदा-सानसुद्धा तसंच समजत होते. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी काकांच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, ते त्यांनीच मला सांगितलं. फुकट खिडक्या पुसून देतो म्हणणाऱ्या परदेशी माणसाला कोण घरात घेईल? तिसऱ्या महिन्यात काका पुन्हा बादली घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनी दार उघडलं. "इतक्या वेळा येणारा चोर नसतो," असं म्हणून ते तोंडावर हात धरून हसले.

काम झालं की इशिदा-सान कोपऱ्यावरच्या मशीनमधून गरम कॉफीचे कॅन आणायचे, आम्हा तिघांना एकेक. काका कॅन दोन्ही हातांत धरून खाली मान घालून बसायचे. खालच्या खोलीत इशिदा-सानच्या बायकोचा फोटो होता, समोर फुलं आणि उदबत्ती. त्या खोलीची खिडकी काका सर्वांत शेवटी पुसायचे, आणि तिला सर्वांत जास्त वेळ लागायचा. एकदा मी म्हणाले, "काका, झाली की स्वच्छ. आता काय काच झिजवताय?" त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, कानाला कमी ऐकू येतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी इशिदा-सानकडून निघाल्यावर ते म्हणाले, वर्कशॉपवर थोडं थांबू. वर्कशॉप बंद होतं, पण किल्ली त्यांच्याकडे होती. मागच्या अंगणात एक पांढरी, चाकं काढलेली भंगार गाडी उभी होती. काकांनी माझ्या हातात एक जुनी सायकल दिली, अंगात घालायला करडा कोट दिला.

"त्या खांबापासनं त्या पिंपापर्यंत चालायचं. सायकल हातात धरून. सावकाश."

"कशासाठी?"

"चाल तर."

ते गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले आणि काच वर केली. मला वाटलं, मंडळात वाहतूक सुरक्षेवर वगैरे भाषण द्यायचं असेल. ऊन उतरत होतं. मी चालले. आतून आवाज आला, "परत." मी परत चालले. पुन्हा "परत". मधेच ते काच खाली घ्यायचे, मग वर करायचे. अंगणातला उजेड राखाडी झाला, मग निळसर. शेजारच्या इमारतीतले दिवे लागले. तोवर मी वीस-पंचवीस फेऱ्या मारल्या असतील. पाय दुखायला लागले, थंडी वाजायला लागली, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. आत बसलेला माणूस मला दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता, आणि तो माझ्याशी बोलतोय असं वाटेनासं झालं होतं.

शेवटी मी सायकल आडवी टाकली आणि जाऊन दार उघडलं. "काका, मी काय प्रयोगातला उंदीर आहे का?"

त्यांच्या मांडीवर वही होती. पानभर खुणा. दिसली, दिसली, नाही, दिसली, नाही. शेवटच्या ओळींत नुसती प्रश्नचिन्हं होती. काका रडत होते. पुरुषमाणसानं आवाज न करता असं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी शेजारच्या सीटवर बसले. मग त्यांनी सांगितलं.

त्यांच्या कराडच्या वर्गमित्राचा मुलगा, मंदार. इथं नोकरीला होता. त्याच्या बायकोला उन्हानं डोकं दुखायचं, म्हणून त्यानं पुढच्या दोन्ही दारांना पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. गाडी शाकेनला आली ती काकांकडेच, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. काकांनी काच मोजली. अडुसष्ट. नियमानं फिल्म तिथल्या तिथं सोलून काढायला हवी होती. मंदार म्हणाला, "काका, दोन टक्क्यांनी काय होतंय? तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडे जायचं?" गाडीत त्याची बायको बसली होती, तिनं डब्यातून चकल्या आणल्या होत्या. काकांनी काच पुन्हा पुसली, दुसऱ्या जागी मोजली. एकोणसत्तर. आणखी एका जागी मोजली. सत्तर. कागदावर सत्तर लिहिलं आणि शिक्का मारला.

"असं सगळेच करतात का?" मी विचारलं.

"करतात. काच पुसून पुन्हा मोजणं हा काय गुन्हा नाही. मशिन एक-दोन इकडंतिकडं दाखवतं." त्यांनी वही मिटली. "पण मी मला पाहिजे तो आकडा येईपर्यंत मोजत ऱ्हायलो. मला ते तवाच कळत होतं."

नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला मंदार एका चौकात उजवीकडे वळला. झेब्रा पट्ट्यांवरून एक म्हातारी बाई सायकल हातात धरून येत होती, त्याच्या उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या काचेच्या बाजूला. ती इशिदा-सानची बायको. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. पोलिसांनी गाडीची काच मोजली, एकाहत्तर आली. नियमात बसत होती, त्यामुळे फिल्मचा विषयच निघाला नाही. मंदारच्या निष्काळजीपणावर खटला चालला, त्याला शिक्षा झाली, लायसन्स गेलं, आणि तो कुटुंबासकट भारतात परतला. काकांना कुणी काही विचारलं नाही.

"जायच्या आधी तो मला भेटाया आला होता," काका म्हणाले. "म्हणाला, काका, मला ती दिसलीच नाही. मी विचारलं, फिल्ममुळं का? तर म्हणाला, माहीत नाही. त्यालाबी माहीत नाही गं. मी तीन वर्षं बघतोय. ह्या भंगार गाडीच्या काचेतनं, तसलीच फिल्म लावून, तशाच उजेडात. कधी दिसतं, कधी नाही दिसत. काच खाली केली तरी कधी नाही दिसत."

अंगणात पूर्ण अंधार पडला होता. माझी आडवी पडलेली सायकल आम्हाला दोघांनाही दिसत नव्हती.

त्यानंतर त्यांच्या मनानं एकच घेतलं, इशिदा-सानना सांगायचं. मी कडाडून विरोध केला. नोव्हेंबरच्या रविवारी जाता-येता आम्ही आरशातून भांडलो. मी म्हणाले, "कायद्यानं तुमचा दोष नाही. विज्ञानानं तो सिद्ध होत नाही. तुम्ही मन हलकं करणार आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओझं देणार. हा स्वार्थ आहे काका." मला माझा मुद्दा फार बिनतोड वाटत होता. आजही तो चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. काकांनी मांडीवरच्या फडक्याची घडी केली. मग म्हणाले, "दर महिन्याला त्याच्या हातची कॉफी पितोय मी. तो मला भला माणूस समजतोय. हे तरी थांबाया पाहिजे का नको?"

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी नऊही खिडक्या पुसल्या. बादली रिकामी केली, हात धुतले, आणि कॉफी यायच्या आत इशिदा-सानसमोर गुडघे टेकून बसले. मी दाराजवळ बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. शिक्का. चकल्यांचा डबासुद्धा वगळला नाही. तीस वर्षांच्या त्यांच्या जपानीत एकदाही अडखळ आली नाही, त्यावरून मला कळलं की हे त्यांनी मनात कितीदा म्हटलं असेल.

इशिदा-सान फोटोकडे बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "पहिला आकडा अडुसष्ट होता?"

"होय."

"दोन टक्के म्हणजे किती असतात? डोळ्यांना कळतात?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "मी पुष्कळ बघितलं. मला माहीत नाही."

इशिदा-सान उठले. ते कॉफी आणायला जाताहेत असं मला क्षणभर वाटलं. ते खिडकीपाशी गेले आणि नुकत्याच पुसलेल्या काचेवर त्यांनी तळवा टेकवला. मग वळून अगदी शांतपणे, नेहमीच्या आदबीनं म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून खिडक्या माझ्या मी पुसेन." आणि कमरेत वाकले. काका कपाळ जमिनीला टेकून तसेच राहिले. मीच त्यांना दंडाला धरून उठवलं. बाहेर येताना मी मागे पाहिलं, तर काचेवर पाच बोटांचा ठसा उमटलेला होता.

त्यानंतर महिन्याभरात काका आणि साचिको-सान उत्तरेकडे, तिच्या माहेरच्या गावी कायमचे राहायला गेले. मंडळात निरोप घेतला नाही. म्हणून त्या दिवशी परतीच्या वाटेवर जे पाहिलं, तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

इशिदा-सानच्या घरापासून पाच मिनिटांवर तो अपघाताचा चौक होता. काका म्हणाले, "थांब जरा." मी कोन्बिनीच्या, म्हणजे चौकातल्या दुकानाच्या, पार्किंगमध्ये गाडी लावली. ते उतरले आणि झेब्रा पट्ट्यांच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. साडेचार वाजून गेले होते, उजेड करडा पडायला लागला होता. त्यांना रस्ता ओलांडायचा नव्हता, नुसतं तिथं उभं राहायचं होतं. पण एक गाडी आली आणि त्यांना बघून थांबली. मागची थांबली. समोरूनही दोन थांबल्या. इथले लोक पट्ट्यांपाशी उभ्या माणसासाठी थांबतातच. काका तसेच उभे. गाड्याही तशाच उभ्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. शेवटी संकोच होऊन काकांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि पलीकडे गेले. गाड्या निघून गेल्या. मग पलीकडच्या टोकाशी ते पुन्हा उभे राहिले, आणि पुन्हा गाड्या थांबल्या. ते पुन्हा वाकले, अलीकडे आले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते पट्ट्यांच्या मधोमध थांबले आणि डोळे बारीक करून थांबलेल्या गाडीच्या काचेत बघत राहिले. गाडीच्या दिव्यांचा उजेड त्यांच्या पोटावर पडला होता.

मी धावत गेले, त्यांचा हात धरला आणि त्यांना बाजूला आणलं. हात बर्फासारखा गार होता. गाडी आमच्या शेजारून हळूच निघून गेली.

"आतला माणूस तुला दिसला का गं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. मला आत कुणीच दिसलं नव्हतं.